नऊ पावलं

शेडच्या भिंतीला पाच शिड्या टेकवून ठेवल्या होत्या, शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तशा उंचीच्या क्रमानं. सगळ्यात बुटकी पाच पायऱ्यांची. ती केली तेव्हा संत्र्याची झाडं सात वर्षांची होती आणि काकांचे गुडघे चाळिशीचे. मग सात पायऱ्यांची आली, मग नऊ, मग अकरा. तेरा पायऱ्यांची घेऊन सुतार आला तेव्हा तो म्हणाला होता, "काका, पुढची ढगाला लावायची असेल तर आत्ताच सांगा. तेवढं लांब लाकूड मिळायला वेळ लागतो." तेव्हापासून ते शिडीवाले काका झाले. लोकांना काय, नाव ठेवायला निमित्त लागतं.

त्यांच्या बायकोला मात्र सगळे नुसतं काकू म्हणत. आणि यंदाच्या हंगामात शिडीवरून पडल्या त्या काकूच. फार उंचावरून नाही, पाचव्या पायरीवरून. पण जमीन काही पायऱ्या मोजत नाही. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "आता शिडी बंद." मग काकांकडे बघून म्हणाले, "दोघांनाही सांगतोय."

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती शहरात राहायची, दुसऱ्या मजल्यावर. आईचा हात बघून आधी रडली, मग चिडली, मग तिनं हुकूम सोडला. "मी मागची खोली रिकामी करतेय. हंगाम संपला की तुम्ही दोघं माझ्याकडे. बाग देऊन टाका कोणाला तरी."

काकांना ती खोली माहीत होती. खिडकी उघडली की खाली गाड्या लावलेल्या दिसत. खिडकीत एक कुंडी होती आणि तिला रविवारी पाणी मिळे, तेही आठवण झाली तर. काका भांडायला गेले नाहीत. दमलेल्या माणसाला भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि काकांना गेली काही वर्षं सकाळी उठतानाच थकल्यासारखं वाटायचं. कधीकधी तर त्यांना ती खोली बरीसुद्धा वाटायची. निदान तिथे चढायला काही नव्हतं, लिफ्ट होती.

काकूंनी मात्र विचारलं, "फळ जमिनीवर उभं राहून तोडता आलं तर?"

"तर राहा खुशाल," लेक म्हणाली. "पण ते होणार कसं? झाडांना सांगणार का, वाका म्हणून?"

"कोणाला तरी विचारू तर या."

"मी माणूस पाठवते. होईल म्हणून त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ते केलंत, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही केलंत तर सामान बांधायचं. कबूल?"

काकू कबूल म्हणाल्या. काकांना कोणी विचारलं नाही, आणि ते गप्प बसले म्हणजे त्यांचंही कबूल धरलं गेलं.

आठवड्याभरात फळबागांच्या सल्लागार बाई आल्या. बाई कसल्या, लेकीपेक्षाही लहान. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्याला पिशवी. बागेत शिरल्या आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर डोळ्यांवरचा गॉगल काढला. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत खाटेखाली असावा तसला अंधार. जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. खोडांवर हिरवट बुरशी चढलेली. छातीच्या उंचीवरच्या फांद्या वाळून कोळ झाल्या होत्या. बाईंनी एक ओढली तर ती काडकन हातात आली.

"ही कधी वाळली, काका?"

"झाली असतील पंधरा-सोळा वर्षं."

"वाळली नाही, उपाशी मेली," बाई म्हणाल्या. "पानाचं पोट उन्हावर भरतं. खाली ऊन पोचलं नाही की झाड खालच्या फांद्या सोडून देतं आणि वर पळतं. शेजारचंही तेच करतं. ही सगळी झाडं एकमेकांच्या वर डोकं काढायच्या नादात आहेत, आणि तुम्ही दोघं शिडी घेऊन त्यांच्यामागे. फळही बारीक राहत असणार."

"लिंबाएवढं," काकू म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

बाईंनी टेप काढली आणि तिचं टोक काकूंच्या डाव्या हातात दिलं. "चार पासष्ट," त्या वाचत गेल्या. "चार सत्तर. चार साठ." ओळीमागून ओळ करत तिघं बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचले. "चार वीस. चार दहा. चार दहा." बाई थांबल्या. "गंमतच आहे. इकडून तिकडे येईपर्यंत अंतर कमी कमी होत गेलंय. या जातीला साडेसहा मीटर तरी हवेत. कोणी मोजलं होतं हे?"

"मी," काका म्हणाले.

काकूंच्या हातातून टेपचं टोक सुटलं. टेप सरसरत परत गेली आणि बाईंच्या बोटाला चांगली लागली.

"आणि तो खालचा अर्धा तुकडा रिकामा का ठेवलात?" बोट चोखत बाईंनी विचारलं.

"तो मुद्दाम. चाऱ्यासाठी."

"जनावरं आहेत?"

"एक गाय होती," काका म्हणाले. "तीन वर्षं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. ओट्यावर बसून त्यांनी कागदावर बुद्धिबळाचा पट काढला. काळ्या घरातली झाडं ठेवायची, पांढऱ्या घरातली काढायची. एकशे साठातली ऐंशी. "म्हणजे तिरक्या रेषेत बघाल तर दोन झाडांत जवळजवळ साडेसहा मीटर मिळतात. ऊन थेट जमिनीपर्यंत येईल. उरलेल्यांचे शेंडे दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं खाली आणू. खोडातून, खालून नवे फुटवे येतील. पहिल्या वर्षी फळ नाहीच समजा. दुसऱ्या वर्षी थोडं. तिसऱ्या वर्षी काकू जमिनीवर उभ्या राहून हातानं तोडतील. स्टूलसुद्धा लागणार नाही. पण नवी पालवी फुटायच्या आत कापायला हवं. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

"विचार करून सांगतो," काका म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंना एवढं कळलं होतं की काका विचार करून सांगतो म्हणाले की ते नाही म्हणताहेत.

आता काका नाही का म्हणत होते, ते सांगायला हवं. लोक म्हणत, म्हातारा हट्टी आहे. झाडांवर पोटच्या पोरासारखं प्रेम आहे, असंही काही जण म्हणत. दोन्ही खोटं. त्या झाडांचा काकांना मनापासून कंटाळा आला होता. खोडं मोजता मोजता, शेंडे छाटता छाटता त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि कोणी येऊन सगळी बाग उचलून नेली असती तर ते त्या जागी आडवे पडून झोपले असते. अडचण वेगळी होती.

चौतीस वर्षांपूर्वी, लागवडीच्या आठवड्यात, काकांच्या आईचं शहरात ऑपरेशन निघालं. रोपं यायला दहा दिवस अवकाश होता म्हणून काका आईबरोबर गेले. आणि रोपांचा ट्रक आठ दिवस आधी येऊन दारात उभा राहिला. एकशे साठ रोपं, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेली. दोन दिवसांत लावली नाहीत तर वाळणार. त्या वेळी घरात फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या फोनवरून काकूंनी हॉस्पिटलात निरोप ठेवला आणि काकांनी हॉस्पिटलमधून घाईघाईत उलटा फोन केला. मागे लोक रांगेत उभे होते. काका म्हणाले, "नऊ पावलं ठेव. ओळीतही नऊ, दोन ओळींतही नऊ." आणि फोन ठेवला.

नऊ पावलं म्हणजे त्यांची पावलं. चौतिशीच्या, लांब टांगांच्या माणसाची नऊ पावलं साडेसहा मीटर भरत. त्यांनी ती अंगणात मोजून बघितली होती. पण मोजायच्या होत्या काकू. काकू मुळात ठेंगण्या, आणि त्यात सातवा महिना. लेक पोटात होती. हातात चुन्याचा डबा घेऊन त्या दोन दिवस शेतात चालल्या. नऊ पावलं झाली की चुन्याचा ठिपका द्यायचा, मागून दोन मजूर खड्डा घेत यायचे. पहिल्या दिवशी सकाळी पावलं जरा तरी मोठी पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पार आखडली. शेवटच्या ओळी चार मीटरच्या का, हे सल्लागार बाईंना कळलं नाही. काकांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्या ओळीत उभं राहिलं की काकू किती दमल्या होत्या ते मीटरमध्ये वाचता येत असे.

काका परत आले ते संध्याकाळी. पिशवी खांद्याला तशीच ठेवून थेट शेतात गेले. पहिल्या रोपाकडे पाठ करून चालायला लागले, तर सातवं पाऊल टाकायच्या आत रोप आडवं आलं. परत मोजलं. दुसरी ओळ मोजली. समोर बघितलं तर रोपं संपली होती आणि अर्धं शेत उघडं पडलं होतं. काका बराच वेळ तिथे उभे राहिले. मग घरात आले. काकू पाय सुजवून बसल्या होत्या, तोंड उन्हानं काळवंडलेलं, आणि डोळ्यांत एवढाच प्रश्न की जमलं का मला. त्या तोंडाकडे बघून काका म्हणाले, "मस्त लावलीस." आणि चहा मागितला.

एवढंच. पण खोट्याचे पाय झाकायला पुढे अंथरूण वाढवत जावं लागतं. अर्धं शेत रिकामं का, असं कोणी विचारलं की काका सांगत, चाऱ्याला ठेवलंय, आणि म्हणून मग एक गाय आणावी लागली. रोपं एवढी जवळ का, असं विचारलं की सांगत, ही नवी पद्धत आहे, गच्च लागवड. आणि नशीब असं की सुरुवातीला ते खरं ठरलं. झाडं लहान होती, एकमेकांना लागत नव्हती, आणि तेवढ्याशा जागेत दुप्पट झाडं म्हणून फळही दणकून आलं. आठ-नऊ वर्षं लोक बघायला येत. पलीकडच्या एका बागवाल्यानं तर नक्कल केली. पण तो शहाणा निघाला. दहाव्या वर्षी झाडांचे हात एकमेकांना लागले तसा त्यानं एक सोडून एक झाड काढून टाकलं आणि मोकळा झाला. काकांना म्हणाला, "तुम्हीही काढा की." काकांना काढता येईना. अर्धी झाडं कापायची म्हणजे लागवड चुकली असं चारचौघांत म्हणायचं, आणि घरात काकूंना कळणार की कोणाची पावलं चुकली. म्हणून त्यांनी नऊ पायऱ्यांची शिडी करून घेतली.

तीन आठवड्यांतले दोन असेच गेले. काकूंनी एकदा विचारलं, काय ठरलं? काका म्हणाले, वर्षभर फळ नाही म्हणजे काय थट्टा आहे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, आजकालच्या पोरींना पुस्तकातलं कळतं. काकूंनी कपाटातल्या चादरी डाव्या हातानं काढून, हनुवटीखाली धरून, घड्या घालायला सुरुवात केली. लेकीकडे न्यायच्या होत्या ना.

शेवटच्या ओळींच्या शेंड्यांना थोडं फळ उरलं होतं. त्या सकाळी काकांनी डॉक्टरांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि तेरा पायऱ्यांची शिडी ओढत नेली. कुठेतरी जाऊन बसायचं होतं, जिथे घड्या घातलेल्या चादरी दिसणार नाहीत. दहाव्या पायरीवर पोचले तोवर खाली पावलं वाजली. काकू आल्या, एक शब्द न बोलता डावा हात आणि कंबर शिडीला लावून उभ्या राहिल्या.

"तू कशाला आलीस? जा घरी."

"करवतवाल्याचा फोन होता. गुरुवारी येऊ का विचारतोय."

"त्याला कोणी बोलावलं?"

"मी."

"नको म्हणून सांग. एवढी वर्षं माझ्या पद्धतीनं बाग केली..."

"नऊ पावलं," काकू खालून म्हणाल्या.

काकांचा हात संत्र्यावरच राहिला.

"फोनवर तुम्ही नऊ पावलं म्हणाला होतात. मी नऊच मोजली. प्रत्येक झाडाला नऊ. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मी कुठे म्हणतोय..."

"तुम्ही कुठेच काही म्हणत नाही, तीच तर माझी तक्रार आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते त्या संध्याकाळी. तुम्ही मोजायला लागलात. सात पावलं पुरी व्हायच्या आत झाड आलं. थांबलात. परत मोजलंत. तेव्हाच कळलं मला. अहो, रोपं संपली आणि अर्धं शेत उरलं, एवढं न कळायला मी काय दूधखुळी आहे?"

काकांना शिडीवर बसता येईना आणि उभंही राहवेना. त्यांनी फांदी घट्ट धरली.

"मग मी वाट बघत बसले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आता आत येतील, रागावतील. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. रागावले तर विचारायचं, टेप कुठे आहे? सगळं घर शोधलं होतं मी टेपसाठी. तुम्ही आलात, ओट्यावर पिशवी टाकलीत, आणि त्यातून पहिल्यांदा काय घरंगळलं? टेप."

हे काकांना माहीतच नव्हतं. टेप चुकून पिशवीत राहिली होती हे आठवत होतं. काकूंनी ती बघितली हे माहीत नव्हतं.

"आणि तुम्ही म्हणालात काय, तर मस्त लावलीस."

"तुझी अवस्था काय होती तेव्हा!" काका वरून म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "सातवा महिना. पाय एवढाले सुजलेले. दोन दिवस उन्हात फिरलेलीस. आणि मी येऊन म्हणू, सगळं चुकलं?"

"म्हणायचं. सरळ म्हणायचं. दोन दिवस रडले असते मी. मग मजूर बोलावून एक सोडून एक रोप उपटून खालच्या तुकड्यात लावलं असतं. हातभर होती रोपं! एका दिवसाचं काम होतं, अहो. एका दिवसाचं. त्याच्यासाठी मी सत्तावीस वर्षं शिड्या चढले. आता हा हात बघा."

काकांनी बघितला नाही.

"मग तू का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"कधी बोलू? आठ दिवसांत तुम्ही सगळीकडे सांगून आलात, नवी पद्धत, गच्च लागवड, माझं डोकं. लोक वह्या घेऊन बघायला यायला लागले. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणू, पद्धत बिद्धत काही नाही, यांची टेप यांच्याच पिशवीत होती? तुमचं नाक कापू? म्हटलं राहू दे. त्यांना तेवढंच समाधान."

"समाधान!" काका म्हणाले. एक माणूस दुसऱ्याचं मन राखायला गप्प, दुसरा पहिल्याचा मान राखायला गप्प, अशी ती अळीमिळी गुपचिळी दोघांनी भलतीच इमानदारीनं खेळली होती. खरं उघडं पडलं की हलकं वाटतं म्हणतात. काकांना हलकं बिलकं काही वाटलं नाही. लाज वाटली, आणि एवढा थकवा आला की दहा पायऱ्या उतरायच्या आहेत याचंच त्यांना भय वाटलं.

"पाय थरथरताहेत माझे," ते म्हणाले.

"मग उतरा. धरलीय मी."

काका उतरले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल उतरतं तसे. खाली आल्यावर वाळक्या पानांवर बसले. काकू शिडीला धरूनच उभ्या होत्या, चेहरा घामानं भिजलेला, कारण एका हातानं तेरा पायऱ्यांची शिडी आणि वर नवरा, हे काही गमतीचं काम नव्हे.

"दुखतोय हात?"

"दुखतोय."

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

गुरुवारी करवतवाला दोन माणसं घेऊन आला. त्याच्याआधी खुणा करायच्या होत्या. काकांनी चुन्याची बादली धरली आणि काकूंनी डाव्या हातानं खोडांवर फुल्या मारल्या, वेड्यावाकड्या, पण दिसतील अशा. कोपऱ्यातल्या पहिल्या झाडापाशी काका अडले.

"हे राहू दे. तू लावलेलं पहिलं."

"सगळीच मी लावलेली आहेत," काकू म्हणाल्या. "पण राहू दे. हे ठेवून एक सोडून एक धरलं तर धडधाकट झाडं जास्त उरतात, उलटं धरलं तर रोगट. मी मोजून ठेवलंय." मग म्हणाल्या, "मोजणं मला जमतं, बरं का."

ऐंशी झाडं पडायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी काका घरात जाऊन बसले, कान दाबून. दुसऱ्या दिवशी त्यांना आतच करमेना. करवत थांबली की झाड कलतं, फांद्या एकमेकींतून सुटताना फाटल्यासारखा आवाज होतो, आणि मग जिथे कधी आभाळ नव्हतं तिथे आभाळाचा तुकडा दिसतो. उरलेली झाडं बघवत नव्हती. उंच, बारीक, कमरेपर्यंत नागडी. आजारातून उठलेल्या माणसासारखी. या वयात आपण हे काय करून बसलो, असं काकांना दर तासाला वाटे. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, तो मागे आवाज कसला येतोय?"

"अर्धी बाग कापतोय."

मग लेक म्हणाली, "त्या मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं लागतील. तोवर तुम्ही एकाहत्तरचे व्हाल, बाबा."

"कापलं नाही तरी होणारच आहे की."

"आणि शिड्या?"

"करवतवाला घेऊन जातोय. मागच्या खोलीत भाडेकरू ठेव."

शिड्या चारच गेल्या. पाच पायऱ्यांची काकूंनी ठेवून घेतली, भोपळ्याचा वेल चढवायला. चादरी परत कपाटात गेल्या, त्या मात्र काकांनी ठेवल्या, घड्या मोडून, पुन्हा घालून, तरी वाकड्याच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लाकडांची शेवटची गाडी गेली. काकू फळांच्या एका पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. कलतं ऊन बागेच्या पार आतपर्यंत येऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं आणि त्या पाय हलवून हलवून ते बघत होत्या.

"आता मोजा," त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी मोजलंत तसं. पहिल्या झाडापासून. मी बघते."

काकांना वाटलं थट्टा चाललीय. पण काकूंच्या तोंडावर थट्टा नव्हती. ते गेले, कोपऱ्यातल्या पहिल्या झाडाला पाठ लावून उभे राहिले आणि ओळीनं चालायला लागले. शेजारचं झाड आता नव्हतं, त्याचा बुडखा तेवढा उरला होता. उजवा गुडघा वळत नव्हता, त्यामुळे तो पाय ओढावा लागे, आणि डावा त्याच्या पुढे जेमतेम पडे. एक. दोन. सहा झाली, सात झाली, तरी आडवं काही आलं नाही. आठ. नवव्या पावलाला बुटाचं टोक त्याच बुडख्याला लागलं.

"किती?" काकूंनी विचारलं.

"नऊ."

"मग? मी काय वेगळं मोजलं होतं?"

काका बुडख्यावर बसले. कापाचा ओलसर वास येत होता. पायाखाली बघून, मग काकूंकडे बघून ते म्हणाले, "काही नाही. बरोबर मोजलं होतंस तू."

काकूंनी डोळे पुसायला उजवा हात उचलला, तो प्लास्टरमध्ये होता, म्हणून मग डावा उचलला.